आधी मले दाखवा

गुरुवार, १४ ऑगस्ट

गोकुळ सर म्हणाले, "आज मोकळेपणानं बोला." सरकारी बैठकीत असं कुणी म्हटलं की शहाण्या माणसानं तोंडात सुपारी धरून बसावं. पण मला कुठलं आलंय शहाणपण! इतकी वर्षं आरोग्य सेविका आहे, गप्प बसायची सवय काही लागली नाही.

विषय असा, की एक ऑक्टोबरपासून उपकेंद्रांमधली बाळंतपणं बंद. सावळदऱ्याची माझी खोली आणि आजूबाजूच्या सगळ्या उपकेंद्रांच्या खोल्या, सगळ्यांना कुलूप. बायांनी हायवेवरच्या नव्या माता-बाल केंद्रात जायचं. तिथं डॉक्टर, ऑपरेशनची सोय, रक्त, सगळं एका छताखाली. आम्ही सेविकांनीही आठवड्यातले चार दिवस तिथं ड्युटी करायची आणि दोन दिवस गावात. गोकुळ सर तालुक्याचे आरोग्य अधिकारी. या बदलात धोके कोणते ते आम्ही सांगायचं आणि ते वर कळवणार.

एक तरुण डॉक्टर म्हणाले, खाटा कमी पडतील, गर्दीत माणसं चिडतात आणि चिडलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. दुसरे म्हणाले, गाडीच वेळेवर आली नाही तर? कलाबाई आमच्यातली सगळ्यात जुनी सेविका. ती म्हणाली, "साहेब, बाई इमारतीले पाहून येत नाई, मानसाले पाहून येते. मानूस हलवलं तं बाई कुठी जाईन, याचा इचार करा." सर हसले, पण लिहून घेतलं.

मी मात्र बदलाच्या बाजूनं बोलले. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. पण खरं तेच बोलले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या जीपवाल्या रंगरावांची सून माझ्या खोलीत बाळंत झाली आणि रक्त थांबेना. गाडी येईपर्यंत मी तिचं पोट दाबून धरून बसले होते. ती वाचली, पण त्या दिवशी माझ्याकडे नशिबाशिवाय दुसरं काही नव्हतं. नशिबाच्या भरवशावर खातं चालवू नये, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. इंद्रभान मेहकर डेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "नवी गाडी आली म्हनून जुनीचं इंजिन कोनी लगेच काढत नाई. आधी रस्त्यावर धावून राह्यली का थे पाहतेत." मी म्हटलं, बाई म्हणजे बस नव्हे, तुम्ही जेवा.

मंगळवार, ९ सप्टेंबर

शालूबाईची प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरत आलाय. तिचं सासर सुलतानपूरचं. मी या गावात रुजू झाले त्याच वर्षी ही माझ्या खोलीत जन्मली. तेव्हा माझेच हात थरथरत होते आणि शालूबाई कळा देता देता मलाच धीर देत होती, "घाबरू नको व ताई, होते सगळं." अजून ती हे चारचौघांत सांगते आणि मला चिडवते.

प्रेरणाला तपासलं. रक्त थोडं कमी आहे, गोळ्या दिल्या. बाळाचे ठोके तिला ऐकवले तर पोरगी लाजून हसली. म्हणाली, "मावशी, तुमीच करजा माहं बाळंतपन." मी तिच्या कार्डावर पुढची तारीख लिहीत राहिले.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज टेम्पो आला आणि माझं टेबल घेऊन गेला. लोखंडी, एका पायाला विटेचा तुकडा लावलेलं. पण गावातली निम्मी पोरंसोरं त्यावरच जन्मलीत. खोली धुऊन घेतली आणि कुलूप लावलं. उगीच रडू आलं. नोकरीत रडायचं नसतं, पण आलं.

शालूबाई भांडायला आलीच. "पोट्टीले त्या हायवेवर कोन्या परक्या बाईच्या हाती देऊ काय मी?" मी तिला खाली बसवून रंगरावांच्या सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. रक्त किती गेलं, मी कशी घाबरले होते, सगळं. शेवटी ती म्हणाली, "बरं. तू म्हणते म्हनून." गावात माझा शब्द चालतो याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

उद्या दसरा. दरवर्षी आम्ही दीक्षाभूमीला जातो. यंदा ड्युटी लागली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

केंद्रावर पाय ठेवायला जागा नाही. खाटा भरल्या की बाया चटयांवर. सोयाबीन काढून थकलेल्या सासवा व्हरांड्यात भिंतीला टेकून झोपलेल्या. सुचिता सिस्टर दिवसभर ओरडत असते. मुळात वाईट नाही ती, पण चार माणसांचं काम एकटीवर पडलं की कुणाचंही तोंड सुटतं. लवकर आलेली बाई दिसली की तिचा पारा चढतो.

पण आज एका बाईचं बाळ आडवं होतं. लगेच ऑपरेशन झालं, दोघंही सुखरूप. माझ्या जुन्या खोलीत यांतलं एकही हाती लागलं नसतं. मी बैठकीत बरोबरच बोलले होते.

प्रसूतिगृहाच्या दाराशी एक डबा ठेवलाय, त्यात मोबाइल टाकून आत जायचं. नियम चांगला आहे. बाई कळा देते आणि सिस्टर रील बघते, असं नको.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज गावाचा दिवस. उपकेंद्राचा आणि माझ्या घराचा ओटा एकच, दुपारी तिथं लसीचा डबा आवरत होते, तेवढ्यात रंगरावांची जीप थांबली. प्रेरणा, शालूबाई, तिचा नवरा महादेवराव आणि सुलतानपूरची विहीणबाई उतरले. पहाटे प्रेरणाच्या पोटात दुखू लागलं म्हणून, मी सांगितलं होतं तसे तडक केंद्रावर गेले होते. कळा खोट्या निघाल्या. तिथं सिस्टरनं सगळ्यांसमोर झापलं, "वेळ व्हायच्या आत येता आणि खाट अडवता. घरात शहाणं माणूस नाही का कोणी?" आणि परत पाठवलं.

त्यात विहीणबाईनं मीठ चोळलं. "आमच्या टायमाले बाया निंदन करता करता बाळंत झाल्या बाप्पा. आताच्या पोट्टीले कळ कोनती अन् पोटदुखी कोनती, थेच समजत नाई." प्रेरणा मान खाली घालून उभी. सकाळी तिची ओटी भरून सगळ्या गल्लीनं पाठवलं होतं आणि आता पोट तसंच घेऊन त्याच गल्लीतून घरी जायचं.

माझं डोकंच फिरलं. गरोदर बाईला असं हाकलतात का? शालूबाईला आत नेलं, चहा दिला. म्हटलं, "मनाले लावून घेऊ नको. पुढच्या वेळी आधी मले दाखवा, मंगच निघा. मी हात लावून सांगते वेळ आली का नाई थे. मंगळवार-शुक्रवार मी इथीच असते, बाकीच्या दिवशी तिथी असते. माह्या शब्दावर कोनी वापस पाठवनार नाई तुमाले."

"हाव ताई," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम निवला. जाताना दिवाळीच्या उरलेल्या करंज्यांचा डबा ठेवून गेली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, केंद्रावरून

उद्या शुक्रवार, गावाचा दिवस. पण सुचिताच्या भावाचा साखरपुडा आहे, म्हणून मला इथंच थांबायला सांगितलं. दुष्काळात तेरावा महिना. इंद्रभानला कळवलं, तो म्हणाला माझी पहाटेची पाळी आहे, घराला कुलूप लावून जातो. गावात कुणाला काही लागलं तर हर्षल आहे. उपकेंद्रावर आलेला हा नवा पोरगा, समुदाय आरोग्य अधिकारी. बीपी-शुगर तपासतो आणि संगणकावरून डॉक्टरांशी बोलणं करून देतो. पण त्याचं बुलढाण्याचं प्रशिक्षण या आठवड्यात की पुढच्या, ते विसरले.

शालूबाईला उद्या सकाळी फोन करून सांगते, की मी इकडंच आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रेरणा गेली.

तीन दिवस पेन धरवलं नाही. आजही हात चालत नाही. पण लिहिलं नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहतं.

शुक्रवारी सकाळीच तीन बाया एकदम आल्या. मोबाइल डब्यात टाकला आणि आत गेले ती दुपारीच बाहेर आले. बघते तर महादेवरावांचे ओळीनं मिस्ड कॉल. परत लावला तर लागेना. तेवढ्यात बाहेर रंगरावांची जीप आली. बाळ रस्त्यातच झालं होतं, मागच्या सीटवर. शालूबाईच्या पदरात गुंडाळलेला मुलगा, चांगला रडत होता. आणि प्रेरणाच्या खाली सगळी सीट लाल.

स्ट्रेचर मीच ओढलं. पोट मीच दाबून धरलं, रंगरावांच्या सुनेचं धरलं होतं तसंच. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, ते धावत आले. होतं नव्हतं ते रक्त लावलं, पुरलं नाही. पुढं बुलढाण्याला घेऊन निघालो, मी गाडीत होते. ती दोनदा "मावशी" म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हणाली.

स्ट्रेचर ओढताना मी शालूबाईवर ओरडले होते, "एवढा उशीर काऊन केला? किती वेळा सांगतलं होतं तुले!" तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. बाळाला छातीशी धरून पाहत राहिली.

आज गावात आले. शेजारच्या तानाबाईनं सांगितलं, प्रेरणाला घेऊन त्या सकाळपासून माझ्या ओट्यावर बसल्या होत्या. दाराला कुलूप, हर्षल प्रशिक्षणाला गेलेला. तानाबाई म्हणाली, गाडी बोलवा, तर शालूबाई म्हणाली, "ताई येईनच आता. आज शुक्रवार हाय." पोरीच्या अंगावरून पाणी गेलं तेव्हा जीप काढली.

कुलपासमोर सकाळभर का बसावं माणसानं? मला कळत नाही. मी फोन करायला हवा होता, हे कळतं. ते मला रोज कळतं. पण त्यांनी तरी बसून का राहावं? सवय, दुसरं काय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज संविधान दिन, म्हणून आधी संविधानाची उद्देशिका वाचली, मग प्रेरणाच्या मृत्यूची चौकशी बैठक. माता दगावली की अशी बैठक बसतेच. उशीर नेमका कुठं झाला ते बघतात. घरच्यांनी निर्णय घेण्यात झाला, पोचण्यात झाला, की पोचल्यावर उपचारात. हे तीन उशीर आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. मीही आशा ताईंना शिकवलेत, बोटांवर मोजून.

शालूबाई आणि महादेवराव खुर्चीच्या कडेला टेकून बसलेले. सरांनी समजुतीनं विचारलं, "आजी, कळा सुरू झाल्यावर तुम्ही तिथं का बसून राहिलात?" सर तिला आजी म्हणाले. शालूबाई माझ्याहून लहान आहे. बारा दिवसांत तिचं असं झालंय.

महादेवराव काही बोलायला लागले, "थे ताईनं..." शालूबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "आमचीच चूक झाली साहेब."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही या कुटुंबाला ओळखता, तुमचं काय मत? मी म्हणाले, आम्ही वारंवार सांगितलं होतं, पण समजूत कमी पडली. सरांनी मान डोलावली. पहिला उशीर, घरच्यांचा, असं ठरलं. नंतर ते हेही म्हणाले, की केंद्रातल्या सुखरूप बाळंतपणांचा आकडा चांगला आहे आणि एका घटनेनं पूर्ण सुधारणा चुकीची ठरत नाही. तेही खोटं नाही. त्या आडव्या बाळाची आई मी डोळ्यांनी पाहिली आहे.

बाहेर आल्यावर कलाबाईनं माझा दंड धरला, नुसता दाबला आणि सोडला. घरी येऊन जेवले नाही. सारखे हात धुवावेसे वाटतात.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज धीर करून शालूबाईकडे गेले. ती बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. विहीणबाई म्हणतात, नातू आम्ही नेऊ. ही म्हणते, मान धरू लागला की मंग न्या.

मी विचारलंच. "शालूबाई, खरं सांग, काऊन बसली होती तिथी?"

ती चमचा पुसत म्हणाली, "तुले दाखवल्याबिगर कशी नेऊ?"

मला भरून आलं. एवढा विश्वास गावानं माझ्या हातावर टाकलाय! पण विश्वासालाही वेळकाळ बघावा लागतो ना. मी एकटी कुठं कुठं पुरणार? तिला असं बोलले नाही, मनात मात्र आलं. निघताना हिवरा आश्रमला दर्शनाला जाऊन यायचं का, असं विचारलं, तेवढंच तिच्या मनाला बरं वाटेल म्हणून. ती नाही म्हणाली.

मंगळवार, २३ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

महामाया आमच्या नात्यातली, दिवस भरत आलेली. काल मी आत बाळंतपणात अडकले असताना केंद्रावरून परत पाठवली तिला. ओट्यावर बसून रडत होती. शेजारणी हसतात, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रडू नको. पुढच्या वेळी आधी मले दाखव, मंगच निघ."

"हाव मावशी," ती म्हणाली आणि डोळे पुसून गेली.

मी डबा आवरायला वाकले आणि तिथंच थांबले. हाच ओटा. हेच माझे शब्द. शालूबाईही अशीच "हाव ताई" म्हणाली होती आणि तिचा चेहरा निवला होता. त्या करंज्या. मीच सांगितलं होतं. मला दाखवल्याशिवाय निघू नका, शुक्रवारी मी इथंच असते, हे माझ्याच तोंडचं. ती अडाणीपणानं बसली नव्हती. मी सांगितलं ते ऐकून बसली होती. पोरीला कळा येत होत्या आणि ही माझा शब्द पाळत होती.

चप्पल न घालता महामायामागं धावले. पारापाशी गाठलं. "मले दाखवू नको. कोनालेच दाखवू नको. कळ आली का निघ. वापस पाठवलं तं वापस ये अन् पुन्हा कळ आली का पुन्हा निघ. धा खेपा झाल्या तरी जा. लोक हसतीन तं हसू दे." पोरगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. पारावरची म्हातारी माणसंही बघत राहिली.

गोकुळ सरांना फोन लावला. म्हटलं, कारण चुकीचं लिहिलं गेलंय, पहिला उशीर घरच्यांचा नव्हता. आपण एवढे सगळे धोके सांगायला बसलो होतो, पण परत पाठवलेली बाई पुन्हा कशाच्या जोरावर निघेल, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. उलट टाळ्या घेऊन आले. सर म्हणाले, "समताताई, चौकशी पूर्ण झाली आहे. आता यातून तुम्हालाच त्रास होईल." म्हटलं, होऊ द्या. ते म्हणाले, दोन दिवस विचार करा.

इंद्रभाननं ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि समोर बसून राहिला.

आमचीच चूक झाली साहेब, असं ती म्हणाली होती. तिला माहीत होतं. मी तिच्या समजुतीला नावं ठेवत होते, तेव्हाही माहीत होतं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आज लसीकरण. शालूबाई नातवाला घेऊन येणार हे माहीत होतं. त्याला दीड महिन्याची लस. सकाळपासून दारात डोळे.

ती सगळ्यांच्या शेवटी आली. हर्षल नोंदी घेऊन आत गेला, तेव्हा मी सांगितलं. जेवढं इथं लिहिलंय तेवढं सगळं. बोलताना तिच्याकडे बघता आलं नाही, बाळाच्या टोपड्याकडे बघत बोलले.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"मंग सांगतलं काऊन नाई तिथी? महादेवराव सांगत होते, त्यायलेही थांबवलं तू."

"तुहं नाव घेतलं असतं तं तुले इथून हलवलं असतं. खोली गेली, टेबल गेलं. तूही गेली असती तं या पोराले सुई कोनं देली असती?"

मी विचारलं, राग नाही का आला माझा?

"हाय ना राग. काऊन नसीन?" तिनं बाळाचं दुपटं सोडलं. "मी पाय धरते. तू टोच."

मी मंगळवारीच सरांना कळवलंय, हे तिला सांगितलं. साहेबांनी विचाराला दिलेले दोन दिवस सरले, आता मी जबाब लेखी देणार आहे. ती नुसतं "दे" म्हणाली.

तिनं त्याच्या इवल्या मांड्या घट्ट धरल्या. माझा हात थरथरत होता. या वेळी तिनं धीर दिला नाही. मी सुई दिली. पोरगा कळवळून रडला, मग तिनं त्याला खांद्यावर घेतलं.

मला वाटलं, आता ती जाईल. ती बाहेर गेली आणि ओट्यावर बसली, त्याला थोपटत. ऊन तिच्या पायांवर आलं तरी हलली नाही. लस दिल्यावर अर्धा तास इथंच बसून राहायचं, हे गावाला मीच सांगितलेलं आहे.